तीनदा तुटणारं, तीनदा जुळणारं जोडपं: पटकथेतला कंटाळा नेमका कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लेखिकेनं कोल्हापुरात घडणाऱ्या प्रेमविनोदी चित्रपटाची पटकथा लिहिली आहे. सुजित उद्यमनगरात वडिलांचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचं, दुकान चालवतो आणि तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. केतकी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कोल्हापुरी साज घडवणाऱ्या घरातली. सहा वर्षांत ही दोघं तीनदा तुटतात, तीनदा जुळतात. वाचणाऱ्यांनी दोन तक्रारी केल्या: दुसऱ्या ब्रेकअपपासून कंटाळा येतो, आणि सुजित हळूहळू नकोसा होतो. शिवाय निर्माता म्हणतोय की गोष्ट पुण्याला न्या. काय बदलू आणि काय धरून ठेवू, असं लेखिकेनं विचारलं आहे.

ताई, पटकथा वाचली. तुमची केतकी मला फार आवडली. ती चिडते तेव्हाही तिच्या बोलण्यात मायेचा ओलावा राहतो, आणि असं पात्र कागदावर उतरवणं सोपं नसतं. म्हणून या पटकथेवर मेहनत घ्यावी असं मनापासून वाटतं.

कंटाळ्याचं कारण मला पहिल्या वाचनातच दिसलं. तुमच्या तिन्ही भांडणांत शब्द वेगळे आहेत, प्रसंग वेगळे आहेत, पण भांडण एकच आहे: तो वेळ देत नाही, ती रागावते. सुजितच्याच दुकानातल्या एका पॅटर्नवरून तीन कास्टिंग काढावीत तसं झालंय. प्रेक्षकाला दुसऱ्या वेळी आकार ओळखू येतो आणि तिसऱ्या वेळी तो घड्याळ बघतो. एक परीक्षा घेऊन बघा. दुसऱ्या ब्रेकअपची सगळी पानं काढून बाजूला ठेवा आणि उरलेली पटकथा सलग वाचा. आत्ता ती कुठंही अडत नाही. पानं काढूनही काही अडत नसेल तर ती गोष्टीची पानं नव्हेत.

मूळ एकच असायला हरकत नाही. माणसं आयुष्यभर एकाच गोष्टीवरून भांडतात, हे खरंच आहे. पण प्रत्येक वेळी त्या मुळाचा आणखी खालचा थर उघडा पडायला हवा. तुमच्या पटकथेत तो थर आहे, तुम्ही त्यावर बोट ठेवलेलं नाही. सुजित कधीच विचारत नाही. तो मनातल्या मनात ठरवतो आणि मग सांगतो. केतकी कधीच सांगत नाही. त्यानं ओळखावं म्हणून वाट बघते. दोघांचा दोष एकमेकांत चपखल बसतो, म्हणूनच दोघं इतकी वर्षं एकमेकांना सोडूही शकत नाहीत आणि धरूही शकत नाहीत. हे एकदा पक्कं केलं की तिन्ही ताटातुटी वेगळ्या होतील. पहिली तुमच्याकडं आहे तीच ठेवा: तिच्या साजांच्या प्रदर्शनाच्या दिवशी तो सामना खेळायला गेला. दुसऱ्या वेळी तिला पुण्यात दागिन्यांच्या डिझाइनची नोकरी लागते आणि तो लगेच म्हणतो, "जा की." त्याला ते मोठेपण वाटतं. तिला वाटतं, याला आपण नकोच होतो. कुणीही वाईट वागलेलं नाही आणि तरी नातं तुटलं, त्यामुळं हे भांडण पहिल्यापेक्षा जास्त लागतं. तिसऱ्या वेळी त्यानं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशिनसाठी काढलेलं कर्ज तिच्यापासून लपवलेलं असतं. लाकडी पॅटर्नचा जमाना सरत चाललाय, वडिलांच्या हातची कला मशिनवर जातेय, ही त्याची खरी धास्ती आहे आणि ती त्यानं एकट्यानं उरावर घेतलीय. आता प्रेक्षकाला कळतं की वेळ न देणं हे नुसतं वरवरचं लक्षण होतं.

यातली पहिली ताटातूट मी पडद्यावर दाखवणारच नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती होऊन गेलेली असू द्या आणि सगळ्या पेठेला माहीत असू द्या. पहिल्याच दृश्यात कुणाच्या तरी हळदीत दोघं समोरासमोर येतात, आणि दोघांच्या आयांना आपण एका पंगतीला बसायचं की नाही हेच कळत नाही. यातून तुमची पंधरा-वीस पानं वाचतात. शिवाय दोघं भेटतात कशी, हे लांबलचक प्रकरण जातं. अशा गोष्टीत ते फारसं कामाचं नसतं. इथं बघायचं असतं ते परत येणं.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या पटकथेत प्रत्येक ब्रेकअपला पाच ते सात पानं आहेत आणि जुळण्याला दीड. पाऊस येतो, ती रंकाळ्यावर उभी असते, तो छत्री घेऊन येतो, गाणं सुरू होतं. तुटण्याची कारणं तुम्ही बारकाईनं रचलीत आणि जुळणं पावसावर सोपवलंत. तुटणं कुणालाही पटतं, कारण रोज कुणाचं ना कुणाचं तुटतंच. परत येणं पटवावं लागतं. प्रत्येक परतण्याला किंमत हवी, आणि परतल्यावर दोघांमधला करार आधीचा राहता कामा नये.

पहिल्या खेपेला ती दोघं सवयीनं परत येतात असं धरा. गावच असं आहे की टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही. मुंबईत दोन माणसं ठरवून वर्षभर न भेटता राहू शकतात. इथं संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ खायला कोण येणार, महाद्वार रोडवर दिवाळीची खरेदी कुणाची चाललीय, शाहू स्टेडियमच्या कुठल्या बाजूला कोण बसलंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळं योगायोग रचायची गरजच नाही. तुम्ही मात्र दोघांना एकदा विमानतळावर भेटवलंय. ते दृश्य काढा. गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला दोघं आपापल्या मित्रांबरोबर येतात आणि एकाच म्हशीपाशी उभी राहतात, एवढं पुरे. पण सवयीनं आलेलं माणूस सवयीनंच जातं, आणि हे प्रेक्षकाला आतून जाणवत राहायला हवं. म्हणून हे परतणं हलकं, आनंदी आणि थोडं घाईचं ठेवा.

दुसरं परतणं कामातून येऊ द्या. जुळणं-तुटणं सांगणाऱ्या जुन्या अमेरिकी चित्रपटांचा एक धडा इथं उपयोगी आहे. १९३४पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाली. अविवाहित जोडप्याची जवळीक दाखवणं अवघड झालं, तेव्हा लेखकांना एक वाट सापडली: नायक-नायिका आधीच नवरा-बायको होते, आता वेगळे झालेत आणि भांडताहेत. आधीचे नवरा-बायको म्हटल्यावर त्यांच्या भांडणात कितीही लाडीगोडी आली तरी चालायची. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी पुढं या जातीच्या चित्रपटांना पुनर्विवाहाची कॉमेडी म्हटलं. १९४०चा 'हिज गर्ल फ्रायडे' घ्या. तो संपादक, ती त्याची आधीची बायको आणि वार्ताहर. ज्या नाटकावरून चित्रपट केला त्यात ते वार्ताहराचं पात्र पुरुष होतं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी ती बाई केली आणि गोष्टच पालटली. ती दुसऱ्याशी लग्न करायला निघालीय, पण एक मोठी बातमी हाताला लागते आणि दोघं मिळून कामाला लागतात. तो तिच्या विनवण्या करत बसत नाही. दोघांना एकत्र काम करताना पाहून प्रेक्षकच ठरवतो की हिला असा जोडीदार दुसरा मिळणार नाही.

तुमच्या गोष्टीत असं काम आहे आणि तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय: पूर. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. केतकी पुण्याहून चार दिवसांसाठी आलीय आणि आता परत जाता येत नाही. सुजितच्या तालमीत पूरग्रस्तांसाठी जेवण शिजतंय. दोघं एका चुलीपाशी येतात. एक विनंती आहे: पुरावर विनोद करू नका, आणि पुरात गाणं तर नकोच. लोकांची घरं गेली, जनावरं गेली, त्या जखमा अजून ताज्या आहेत. विनोद दोघांच्या कामातून येऊ द्या. हजार माणसांच्या भातात मीठ किती, यावरून त्यांची हुज्जत होते, आणि सगळी तालीम हातातली कामं सोडून ऐकत राहते. तिला हिशेब जमतो, त्याला माणसं जमतात. या दोन-तीन दिवसांत तो पहिल्यांदा तिला विचारतो, "काय करू सांग." त्याच्या तोंडून हा प्रश्न चित्रपटात तोवर एकदाही आलेला नसला पाहिजे. त्यासाठी आधीची सगळी पानं पुन्हा चाळा आणि त्याचे प्रश्न काढून टाका.

मध्यंतर याच परतण्यावर ठेवा. आपल्याकडं मध्यंतराला हटकून ब्रेकअप टाकतात, कारण धक्का देऊन पाठवलेला प्रेक्षक परत येतो असं मानतात. पण तुमच्या प्रेक्षकाला माहीत आहे की ही दोघं पुन्हा तुटणार आहेत. त्याला आनंदात बाहेर पाठवा, आणि त्या आनंदात एक खडा ठेवा. मशिनच्या कर्जाचा कागद सुजित गाडीच्या डिकीत सारतो, एवढंच आम्हाला दिसलेलं असू द्या.

तिसऱ्या परतण्यात सवय नको, पूर नको, योगायोग नको. तिथं दोघांनी ठरवून यायला हवं, आणि ठरवून कोण कुणाकडं जातं हा प्रश्न निर्णायक आहे. तुमच्या पटकथेत तिन्ही वेळा पाऊल केतकीच उचलते, सुजित फक्त हजर होतो. तो नकोसा वाटतो याचं अर्धं कारण हे आहे. कोल्हापुरात याची एक फार जुनी आणि फार सुंदर रीत डोळ्यांसमोर आहे. असुरांशी झालेल्या लढाईत त्र्यंबोलीनं अंबाबाईला साथ दिली, पण नंतरच्या सोहळ्यात तिचा मान राहून गेला, म्हणून ती रुसली आणि गावाकडं पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा सांगतात. म्हणून दर नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाई स्वतः पालखीतून टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर तिला भेटायला जाते, तिथं कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि गाव लोटतं. ज्याच्याकडून चुकलं त्यानं उठून जायचं, सगळ्यांच्या देखत जायचं, आणि एकदा जाऊन भागत नाही, दरवर्षी जायचं. रुसवा काढण्याबद्दल याहून शहाणं काही मला माहीत नाही. तुमच्या चित्रपटात पात्रांना देवीची उपमा देऊ नका. संवादात या कथेचा उल्लेखही नको, इथल्या प्रेक्षकाला त्याची गरज लागणार नाही. तिसरं परतणं त्या दिवशी घडवा, आणि सुजितला चालत गुजरीत तिच्या घरी पाठवा, तिच्या वडिलांच्या, कारागिरांच्या, शेजाऱ्यांच्या समोर. कर्जाचे सगळे कागद घेऊन.

आता गैरसमज. तुमच्या दुसऱ्या ब्रेकअपमध्ये केतकी सुजितला एका मुलीबरोबर बघते आणि ती त्याची मावसबहीण निघते. हे काढाच. देवलांच्या संशयकल्लोळात एका तसबिरीवरून संशयाची साखळी लागते आणि आपण आजही खळखळून हसतो, पण ते नाटक थोड्या काळात घडतं. तिथं कुणाला शांत बसून विचारायला फुरसतच नसते. सहा वर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं एका मावसबहिणीवरून तुटली तर प्रेक्षक म्हणेल, यांनी एकदा फोन का केला नाही? आणि त्याचं बरोबर असेल.

तुम्हाला एक साधन सुचवतो, ते पटकथेचा कणाच होऊ शकेल: भिशी. वीस मित्रमैत्रिणींची, महिन्याच्या महिन्याला, कुणाच्या तरी घरी. दोघं एकत्र असताना तिच्यात नाव घातलेलं. सुजितनं तिसऱ्याच महिन्याला गरज सांगून भिशी उचललीय, त्यामुळं उरलेले सतरा हप्ते भरल्याशिवाय त्याला सुटका नाही. केतकीची चिठ्ठी अजून निघालेली नाही, त्यामुळं ती पैसे सोडून जाणार नाही. आता ब्रेकअप होवो, पुनर्मिलन होवो, दर महिन्याला दोघांना एका सतरंजीवर बसावंच लागतं. मित्रमंडळ आपोआप प्रेक्षकाच्या जागी येतं. सुरुवातीला ते दोघांना जुळवायला धडपडतात, मग त्यांच्यात दोन गट पडतात, मग सगळेच वैतागतात. आणि ज्या महिन्यात कुणीच काही विचारत नाही, दोघं कुठं बसलीत याकडं लक्षही देत नाही, तो महिना त्या दोघांना सगळ्यात जड जातो. सुजितनं ती रक्कम कशासाठी उचलली हे केतकीला तिसऱ्या ताटातुटीत कळतं, म्हणजे धागाही आपोआप बांधला जातो.

फोनवरचे ब्रेकअप कमी करा. ब्लॉक केलं, अनब्लॉक केलं, निळी खूण आली, हे पडद्यावर निर्जीव दिसतं. वस्तू परत करण्याची दृश्यं लिहा. ती खरी असतात, आणि नटांच्या हाताला काम मिळतं. उदाहरणादाखल, भिशीच्या दिवशी जिन्यात दोघं भेटतात:

"तुझं हेल्मेट माझ्याकडंच हाय."

"ठेव. पावसाळ्यात लागंल तुला."

"मला बसत न्हाई ते."

"मग घेतलं हुतंस कशाला?"

"तू घालत नव्हतास म्हणून."

कुणी माफी मागितली नाही, प्रेमाचा उच्चार नाही, आणि दोघं कुठल्या पाण्यात आहेत ते कळलं. तमाशातल्या सवाल-जवाबाची हीच गंमत असते: समोरच्याचाच शब्द उचलायचा आणि त्यालाच कोंडीत धरायचं. तुमची दोघं आत्ता एकमेकांना परिच्छेद ऐकवतात. त्यांना सवाल-जवाब द्या. या दोघांनाच कळणारी, तिसऱ्या कुणाला न कळणारी थट्टा एखादी तरी असू द्या, आणि ताटातुटीच्या काळात ती थट्टा चुकून दुसऱ्या कुणाजवळ केली तर समोरचा माणूस कोरा राहतो, तेही दाखवा. एकमेकांविना ही दोघं का अपुरी आहेत हे प्रेक्षकाला तिथं कळेल.

बोलीबद्दल. "लई भारी" आणि "नाद खुळा" पानापानावर आहे. तो कोल्हापूरचा शिक्का मारल्यासारखा दिसतो. बोली वाक्याच्या चालीत असते. "काय करालायस?" एवढ्या एका प्रश्नात जितकं कोल्हापूर आहे तितकं दहा घोषवाक्यांत नाही. इथल्या कितीतरी बायका-मुली स्वतःबद्दल "मी येतो", "मी जातो" असं बोलतात, ते तुम्ही केतकीला दिलेलं नाही. ते द्या. मग ती पुण्याला वर्षभर राहून आल्यावर सुजितशी "मी येते" असं बोलू लागली, तर तुटल्याचं वेगळं सांगावं लागणार नाही. नात्याच्या हाका असंच काम करतात. केतकी त्याच्या आईला "आई" म्हणते. ताटातुटीनंतर ती एकदम "काकू" म्हणू लागली तर ती माऊली पोळी लाटता लाटता थांबेल. नटीला आणि प्रेक्षकाला त्याहून जास्त काही लागत नाही.

सुजित नकोसा होतो याचं दुसरं अर्धं कारण जास्त गंभीर आहे. दुसऱ्या ब्रेकअपनंतर तो पुण्यात तिच्या ऑफिसबाहेर तीन दिवस उभा राहतो, तिच्या मैत्रिणीकडून नवा नंबर काढतो, आणि तुम्ही त्याखाली हलकंफुलकं संगीत सुचवलंय. तिनं नको म्हटलंय. नको म्हटल्यावरही सतत पाठलाग करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७८ आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पाठलागानं तुमची गोष्टच मरते. तिला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असेल तरच तिच्या होकाराला काही अर्थ राहतो. ती तीन पानं फाडा. त्या काळात सुजित कोल्हापुरात राहून भिशीचे हप्ते भरतोय, गोलपोस्टमध्ये उभा राहून गोल खातोय, दुकानात वडिलांशी अबोला धरून आहे, हे दाखवा. नायकाला वाट बघता येते हे दिसलं की तो पुन्हा आपलासा वाटतो. आणि जिथं मारहाण, धमकी, फोन तपासणं असेल तिथं प्रेमविनोदाचा हा प्रकारच लावू नये. तशा नात्यातलं परत येणं विनोदाचा विषय नाही, आणि तशी गोष्ट हसत सांगणारा चित्रपट घरातल्या कुणाला तरी चुकीचा धीर देऊन जातो. तुमच्या पटकथेत तसं नाही. पण दुसऱ्या मसुद्यात भांडणं तीव्र करायच्या नादात सुजितचा हात उचलू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या ताटातुटीच्या मध्ये त्यांचं लग्न लावून द्यावं का, असं तुम्ही समासात लिहिलंय. लावता येईल, आणि तसं केलंत तर शेवटच्या भागाला एक घड्याळ मिळतं. १९३७च्या 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये घटस्फोट मध्यरात्री पक्का होणार असतो आणि शेवटचा प्रसंग त्या घड्याळाकडं डोळे लावून चालतो. आपल्याकडंही कायद्यानं वेळ दिलेला आहे. हिंदू विवाह कायदा १९५५च्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबून, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयात येऊन आमचा निर्णय कायम आहे असं सांगायचं असतं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की योग्य प्रकरणात न्यायालय ते सहा महिने माफ करू शकतं. म्हणजे कायदाच दोघांना सांगतो, जा आणि विचार करून या. तुमच्या समासातल्या टिपणात एका तारखेत घटस्फोट होतो, ते चालणार नाही. मला विचाराल तर मी लग्न लावणार नाही. भिशीचं घड्याळ तुमचं स्वतःचं आहे, कोर्टाचं अनेकांनी वापरलंय.

काळ उलटल्याचं "दोन वर्षांनंतर" अशा पाट्यांनी सांगू नका. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की गळीत हंगाम सुरू झाला, फुटबॉलचे झेंडे पेठांत लागले की हिवाळा, बंधाऱ्याची पातळी लोक विचारू लागले की आषाढ-श्रावण. गाणी दोन पुरेत, आणि दोन्ही परतण्याच्या बाजूला. ताटातुटीचं गाणं नको.

शेवट. सध्या तुम्ही लग्नाच्या मांडवात संपवलंय. पण तीनदा तुटलेलं जोडपं चौथ्यांदा तुटणार नाही, हे अक्षता पडल्यानं सिद्ध होत नाही. शेवटाला एक भांडण लिहा. पहिल्या ताटातुटीचं तेच भांडण: सामना आणि तिचं काम एकाच दिवशी आलंय. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की झालं, पुन्हा तेच. मग सुजित विचारतो, आणि केतकी सरळ सांगते. भांडण संपत नाही, चढ्या आवाजात चालूच राहतं, पण दोघांपैकी कुणी चप्पल घालून बाहेर पडत नाही. हे दृश्य आधी लिहा, मग उलट्या दिशेनं बाकीची पटकथा दुरुस्त करत या.

राहिलं निर्मात्याचं पुणं. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे: १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनीही १९३३मध्ये पुण्याला गेली. पण बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावात उभी राहिली, आणि मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर, पांडुरंग नाईक यांनी इथंच स्थापन केलेल्या हंस पिक्चर्सनं १९३८मध्ये आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून 'ब्रह्मचारी'सारखा स्त्री-पुरुष ओढीवरचा खट्याळ विनोदी चित्रपट दिला. प्रेमातल्या विनोदासाठी हे गाव अपुरं पडतं असं म्हणायला जागा नाही. निर्मात्यांना एकच गोष्ट दाखवा: सध्याचा मसुदा पुण्यात नेला तर चार ठिकाणांची नावं बदलून काम भागेल, म्हणून ते तसं म्हणताहेत. भिशी, तालीम, बंधाऱ्याची पातळी, टेंबलाईचा दिवस आणि गुजरीतलं घर आत आलं की गोष्ट हलवताच येणार नाही, कारण ही दोघं एकमेकांना टाळू शकत नाहीत हेच तिचं इंजिन आहे आणि ते या गावाच्या आकारातून येतं. खर्चाचा मुद्दा असेल तर भिशीची घरं आणि पॅटर्नचं दुकान मोरेवाडीच्या चित्रनगरीत उभारता येईल, म्हणजे बाहेरचे दिवस कमी होतील. पालखीच्या दिवशीची गर्दी मात्र उभी करता येणार नाही. ती खरीच टिपावी लागेल, म्हणून देवस्थान समिती आणि पोलिसांची परवानगी काही महिने आधी मागा, आणि नटांना त्या गर्दीत कमीत कमी माणसांनिशी उतरवा. तालमीचं नाव काल्पनिक ठेवा. इथं संघांवरून माणसं जिवाभावानं भांडतात, त्यात तुमच्या नटाला खऱ्या संघाचा शर्ट घालून उभं करू नका.

पुढचा मसुदा पाठवताना आधी तीन परतण्यांची पानं पाठवा. ताटातुटीची नंतर वाचीन.